केळशीकर सरांची डावी दाढ

“थांब,” सर म्हणाले. मी त्यांच्या तोंडातून आरसा बाहेर काढला. हिरडीची खोली मोजायची बारीक सळई दाढेच्या एकाच बाजूला खोल गेली होती. म्हणजे मुळाला उभी चीर होती; अशी दाढ वाचत नाही.

“पुन्हा एकदा उघडून पाहू या, सर.”

“अगं, आठ महिने हेच चाललंय. दुसऱ्या कुणाची दाढ असती तर कधीच काढली असतीस.”

ते खरं होतं.

डॉ. केळशीकर सर पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत; त्यांच्या गौरव अंकासाठी मी हे लिहिते आहे. दंतवैद्यकाची पदवी घेऊन मी त्यांच्या डोंबिवलीच्या दवाखान्यात शिकायला गेले, त्या पहिल्याच दिवशी रूट कॅनाल करताना त्यांच्या हातून बारीक सुईचं टोक मुळात मोडलं. टिटवाळ्याहून आलेल्या बाई खुर्चीत होत्या. सरांनी हातमोजे उतरवले, स्टूल ओढलं आणि त्यांना सांगितलं, “सुई माझ्या हातून मोडली. टोक आत राहिलंय. दात बहुधा टिकेल, पण तुम्हाला माहीत असायला हवं.”

“राहू दे की डॉक्टर. तुमची आठवण,” बाई म्हणाल्या.

सरांनी ते केसपेपरवर लिहिलं आणि खाली बाईंची सही घेतली.

दात काढायचा ठरला, तरी फार ठणकत नसेल तर ते त्याच दिवशी काढत नसत. पेशंटला एक रात्र विचाराला देत. त्यांच्याकडे शिकलेले आम्ही सगळे आजही तसंच करतो.

सात वर्षांपूर्वी सरांनी स्वतःच्या दाढेच्या रूट कॅनालसाठी माझी निवड केली. मला फार अभिमान वाटला. त्या दाढेत माझ्याही हातून सुई मोडली. मी सांगितलं नाही. यंदा हिरडी सुजू लागली, तेव्हा मी औषधं दिली, दाढ दोनदा उघडली. सर दर वेळी डोंबिवलीहून घोडबंदर रोडवरच्या माझ्या दवाखान्यात येत राहिले. दाढ काढली असती तर ते टोक त्यांच्या हातात आलं असतं.

चीर सापडली त्या दिवशी मी अखेर सांगितलं.

“माहीत आहे,” सर म्हणाले. “त्याच आठवड्यात एक्स-रे काढला होता.”

“मग बोलला का नाहीत?”

“तू सांगशील म्हणून थांबलो.” चष्मा पुसत ते पुढे म्हणाले, “तुकड्यानं दात जात नाही गं. पण हे आठ महिने तू दाढ वाचवत होतीस की स्वतःला?”

त्याचं उत्तर इथे, त्यांच्या सगळ्या स्नेह्यांसमोर देते: स्वतःला.

सरांना पुढची पुष्कळ वर्षं निरोगी मिळोत, आणि त्यांना तपासणारे हात माझ्यापेक्षा धीट असोत.

सरांच्या रिवाजाप्रमाणे एक रात्र जाऊ दिली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाढ काढली. ती दोन भागांत निघाली. मी केसपेपरवर लिहिलं: सुई माझ्या हातून मोडली, रुग्णाला सात वर्षं सांगितलं नाही. कापूस चावत सरांनी ते वाचलं आणि खाली सही केली.