अडकलेली पुंगळी

साळवे नाना गेल्याचा फोन आला तेव्हा नळाला पाणी आलं होतं. फोन ठेवला आणि मी पिंप भरत राहिलो. ते भरून वाहायला लागलं तरी नळ बंद केला नाही, बायको ओरडली तेव्हा कळलं. त्याला आता सहा आठवडे झाले... रडू काही आलेलं नाही.

नाना नगरला पोलिसांच्या शस्त्रागारात आर्मोरर होते, म्हणजे बंदुकांचे डॉक्टर. मी साधा शिपाई, त्यातून हाताचा उतावळा. एकदा गोळीबाराच्या सरावात माझ्या रायफलमध्ये काडतुसाची पितळी पुंगळी तुटली. बूड बाहेर पडलं, पुढचा तुकडा आतच अडकला. अशा वेळी हात लावायचा नाही, आर्मोररला हाक मारायची. पण हसं होईल म्हणून मी बाजूला जाऊन आत पेचकस घातला. तुकडा हलला नाही, ओरखडा मात्र उठला. मग नानांना बोलावलं. त्यांनी बोटाएवढं पोलादी हत्यार आत सरकवलं, रायफलचा सरकता बोल्ट पुढं लावला, हळूच मागं घेतला. तुकडा अलगद बाहेर आला. मग बॅटरी मारून त्यांनी आत बघितलं.

"पेचकस कुनी घातला?"

"मला काय ठाऊक नाना... आधीचाच आसंल ओरखडा."

आधीचा असेल तर तपासणीत कसा सुटला, असं साहेबांनी विचारलं आणि ठपका नानांवर आला. त्यांची बढती हुकली. माझी मात्र त्याच वर्षी झाली. माझा पेढा नानांनी खाल्ला, वर "गोड हाय" म्हणाले. मला तेव्हा लाज वाटली, पण तोंड उघडण्याइतकी नाही.

निवृत्तीनंतर ते काष्टीला राहायला गेले. शनिवारच्या बाजाराच्या निमित्ताने मी जायचो. आज सांगायचंच, असं ठरवून जायचो आणि कांदा, गुडघेदुखी बोलून परत यायचो. अशी कैक वर्षं गेली.

नाना गेल्यानंतरच्या जलदान विधीला गेलो. बुद्धवंदना झाल्यावर नानांच्या पत्नीनं, वहिनींनी, चहा आणून दिला.

"शनवारी हे तुमची लई वाट बघायचे," त्या म्हणाल्या. "तुमी गेल्यावर म्हनायचे, आज त्याच्या पार ओठावर आलं हुतं. येऊ दे पुढच्या शनवारी."

मी कप खाली ठेवला. "वहिनी, पेचकस मीच घातला होता."

"व्हय," त्या म्हणाल्या आणि दुसऱ्यांना चहा द्यायला गेल्या.