रणजितची शेवटची मॅच

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, क्लबमधल्या माणसांना नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही — म्हणूनच असेल.

मी फुटबॉलवर पोट भरलेला माणूस. मूळचा साताऱ्याचा. आमच्याकडची पोरं भरतीसाठी पळायची, मी बॉलमागं पळालो. गोव्यात खेळलो, कोलकात्यात खेळलो. नाव मोठं झालं नाही, पण पगार घेऊन खेळलो. शेवटी शेवटी गुडघा सुजायचा. डॉक्टर इंजेक्शन द्यायचे, कोच पाठीवर थाप मारायचा आणि मी उतरायचो. तिथंच गुडघा संपला. कोच झालो तेव्हा मनाशी म्हटलं होतं — आपल्या पोरांशी आपण असं वागायचं नाही. हे आधीच सांगून टाकतो. मला कळत नव्हतं, असं म्हणायची सोय मला नाही.

सांगलीतल्या एका क्लबनं मला बोलावलं. राज्यातल्या खालच्या गटातला संघ. कोच मीच, मॅनेजर मीच, बर्फाची पिशवी घेऊन आत पळणाराही मीच. रणजित मला तिथं भेटला. कवठे महांकाळकडचा, बचावात खेळणारा. वडील लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. पहिल्या दिवशी तेच त्याला घेऊन आले आणि उभ्याउभ्या म्हणाले, "सर, पोरगं तुमच्या ताब्यात दिलंय. चुकलं तर हाणा, पण घडवा."

पोरगं बोलायचं कमी. पण हवेतला बॉल त्याचाच. अशी उडी घ्यायचा, डोक्यानं असा लांब काढायचा, की समोरचा फॉरवर्ड नुसता बघत राहायचा. त्याच्या जिवावर आम्ही वर सरकत गेलो. माझ्या डावपेचांमुळं, असं लोक म्हणायचे. मी म्हणू द्यायचो.

मग साताऱ्याची मॅच आली. जिंकलो तर वरच्या गटात. तीही माझ्याच गावात, जिथं मी अनवाणी खेळायला शिकलो त्याच मैदानावर. माझे जुने सोबती भिंतीवर बसलेले. आणि एका मोठ्या क्लबची दोन माणसं आलेली — खेळाडूंना बघायला नव्हे, मला बघायला. हे माझ्या संघात कुणालाच ठाऊक नव्हतं. मी सांगितलंच नव्हतं.

आम्ही एका गोलनं पुढं होतो. त्यांचा कॉर्नर आला. रणजित उडाला, आमचाच गोलकीपरही उडाला, आणि त्याचा गुडघा रणजितच्या कानशिलावर बसला. तो पडला तो हललाच नाही. मी पळत आत गेलो. तोंडावर पाणी मारलं. त्यानं डोळे उघडले, उठून बसला. बाकीची पोरं रेफरीशी हुज्जत घालत होती. आमच्याजवळ कुणी नव्हतं. त्यानं माझी बाही धरली आणि अगदी हळू विचारलं,

"सर, आपला गोल कुठल्या बाजूला?"

तो त्याच गोलसमोर बसला होता. मघापासून तोच गोल राखत होता.

मला कळलं नसेल का? सगळं कळलं. बेंचवर बदली खेळाडू बूट बांधून तयार होता — कच्चा होता, एवढंच. मी मान वळवून भिंतीकडं पाहिलं. ती दोन माणसं उभी राहून बघत होती. रेफरीनं लांबूनच विचारलं, ठीक आहे का? मी म्हणालो, एकदम ठीक. रणजितच्या काखेत हात घालून त्याला उठवलं, आणि बोटानं दाखवलं — तो आपला गोल.

"व्हय सर," म्हणाला, आणि जागेवर जाऊन उभा राहिला.

त्यानंतरही त्यानं डोक्यानं बॉल काढले. प्रत्येक वेळी मी बेंचकडं पाठ करून घड्याळ बघितलं. आम्ही जिंकलो. मला खांद्यावर घेतलं, गुलाल उधळला.

परत येताना कराड सोडलं आणि रणजितला उलटी झाली. मग तो झोपला, आणि हलवूनही जागा होईना. सांगलीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, मैदानावर शुद्ध गेली होती का? काही असंबद्ध बोलला का? मी नाही म्हणालो. डोक्यात रक्त साकळलं होतं. ऑपरेशन झालं. जीव वाचला.

वडील आले. तोंड उतरलेलं, पण ताठ उभे. "आवं सर, तुमी तर तिथंच हुता. पडल्यावर काय बोलला का त्यो?"

तेव्हा तरी? तेव्हा तरी सांगता आलं असतं ना?

मी म्हणालो, "मी थांब म्हणत होतो. त्यानं ऐकलं नाही. उठला आणि स्वतःच खेळायला गेला."

त्यांनी मान हलवली. "लय हट्टी हाय. पहिल्यापासनंच."

मोठ्या क्लबनं मला घेतलं. अजून तिथंच आहे. रणजितचा उजवा हात नीट चालत नाही, अधूनमधून फिट येते. तासगावजवळ मामाच्या बेदाण्याच्या शेडमध्ये तो डाव्या हातानं बेदाणा निवडतो. एकटं सोडता येत नाही, म्हणून वडील शेजारी बसून असतात.

मागच्या महिन्यात गेलो होतो. का गेलो? सांगायचं ठरवूनच गेलो होतो. त्यानं मला ओळखलं, हसला. त्या मॅचमधलं त्याला काहीच आठवत नाही. जे आहे ते वडिलांकडून ऐकलेलं — आणि वडिलांनी माझ्याकडून. मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्यानं हातातला बेदाणा खाली ठेवला. शब्द जुळवत, अडखळत म्हणाला,

"सर, माफ करा. तुमी थांब म्हणत हुता. मीच ऐकलं न्हाई."

वडील जमिनीकडं बघत होते.

मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "असू दे रं," म्हणालो. त्याला मी माफ केलं.