साडूंचा पाण्याचा घोट

अख्ख्या पुण्यात खरं गप्प बसता येतं ते एकाच माणसाला, आणि ते म्हणजे आमचे थोरले साडू. तेही फक्त रविवारी. एरवी फिजिक्सचे हे निवृत्त प्राध्यापक लग्नाच्या पंगतीत भात वाढणाऱ्याला थांबवून वाफेवर व्याख्यान देतात आणि भात गार होतो. मी तर त्यांना लांबून पाहिलं, की रस्ता बदलतो. रविवारी मात्र नारायण पेठेतल्या त्यांच्या गच्चीवर महापालिकेच्या शाळेतल्या मुली संशोधन करायला येतात. ज्यांच्या घरात कुणी प्रयोगशाळा पाहिलेली नाही, अशाच मुली ते हुडकून आणतात. त्या आल्या, की साडू पाण्याचा मोठा घोट तोंडात धरून गाल फुगवून बसतात. "तोंड रिकामं असलं की उत्तर निसटतं हो. मग त्या विचार कशाला करतील?" हे त्यांचं स्पष्टीकरण. "आठवड्यातनं एक दिवस तरी कानांना सुट्टी. भलं होवो त्या पोरींचं!" हे मेहुणीबाईंचं.

खडकीच्या वस्तीतली सुजाता त्यांतलीच. पत्र्याचं घर इतकं तापायचं, की तिची आजी दुपारभर बाहेर बसायची. म्हणून तिने पत्र्याचे तीन डबे उन्हात मांडले. एकावर ओलं गोणपाट, एकावर चुना, एक उघडाच. वर्षभर तापमान मोजलं. शाळांच्या विज्ञान प्रदर्शनातून पुढच्या फेरीत एकच प्रयोग जाणार होता आणि तो आपलाच असावा म्हणून ती जिवाचं रान करत होती. परीक्षक तक्ते पाहून हसले. "छान. सरांनी करून दिलंय, नाही का?"

साडू मागेच उभे होते, सवयीप्रमाणे घोट धरून. त्यांचे कान लाल झाले.

"सरांनी?" सुजाता म्हणाली. "त्यांनी तर वर्षभर तोंडच उघडलं नाही! हा घ्या थर्मामीटर, तुम्हीच मोजा."

साडूंना हसू आवरेना. सगळा घोट परीक्षकांच्या शर्टावर! परीक्षकांनी ओल्या शर्टातच तिन्ही डब्यांचं तापमान मोजलं. आकडे जुळले. वर सुजाताने गंभीरपणे विचारलं, "आता गार वाटतंय ना, सर?"

तिचाच प्रयोग पुढे गेला.

ती आता वाघोलीच्या कॉलेजात आहे. गेल्या रविवारी गच्चीवर गेलो, तर नव्या मुली तावातावाने वाद घालत होत्या आणि मधोमध गाल फुगवून सुजाता बसली होती. साडू कठड्यापाशी एकटेच. तोंड रिकामं, बोलायची पूर्ण मुभा, पण विचारणारं कुणी नाही. मला फार वाईट वाटलं. जवळ बसून म्हटलं, "काय हो, भातावरची वाफ वरच का जाते?"

साडू माझ्याकडे वळले. मग तांब्या उचलला, मोठा घोट घेतला आणि गाल फुगवून माझ्यासमोर मांडी घालून बसले.