पोळ्यापर्यंत थांबा

खुनी कोण ते सगळ्या भोसरीला ठाऊक होतं, आणि तो चावडीसमोर पान चघळत उभा असायचा. माझा नवरा चाकणच्या बाजाराला गेला तो त्याच्याचबरोबर. घरचा बैल संगं नेला होता, त्याला जोडीदार बघायचा म्हणून. नवरा मोशीच्या ओढ्यात सापडला, डोकं फुटलेलं. बैलाचा पत्ताच नव्हता.

मला राग त्या माणसाचा होताच, पण त्याहून जास्त त्याच्या बायकोचा. मेली विहिरीवर यायची ती बांगड्या वाजवत, कपाळभर कुंकू लावून. संध्याकाळी पलीकडे तिच्या अंगणात त्याच्या वहाणा वाजल्या, की इकडे माझा जळफळाट व्हायचा. तिचा घरी येतो, माझा का नाही? तिचं तोंड दिसू नये म्हणून मी लांबच्या विहिरीवर जाऊ लागले. जळणं काही थांबलं नाही.

फौजदाराला मी सारखी विचारायची, त्याला धरत का नाही. एकदा तर तोंडावर म्हटलं, त्यानं तुमचे हात ओले केलेत काय. तो चिडला नाही, उलट समजावू लागला. दोघांना बरोबर जाताना लोकांनी पाहिलं होतं, मारताना कुणी पाहिलं नव्हतं. तेवढ्यावर धरला तर कोर्टात सुटेल, आणि एकदा निर्दोष सुटला की त्याच खुनासाठी पुन्हा खटला नाही. शिवाय कुणकुण लागली तर बैल घाटाखाली विकून मोकळा होईल.

"बैल त्यानं कुठंतरी दडवलाय," फौजदार म्हणाला. "त्याला बिनघोर राहू द्या. पोळ्यापर्यंत थांबा, बाई."

मला तेव्हा कळलं. आमच्याकडचा माणूस एक वेळ खून पचवील, पण पोळ्याला बैल बिनपूजेचा दावणीला ठेवायचं त्याचं काळीज होणार नाही.

पोळ्याला दोघं नवराबायको तिच्या माहेरी निघाली, मारुंजीला. मागावर साध्या कपड्यांतले शिपाई, आणि फौजदाराबरोबर मी.

वेशीत बैल उभे होते. त्यात माझा. शिंगं तासून रंगवलेली, अंगावर झूल. आणि ती त्याला ओवाळत होती! माझ्या गाईचं ते खोंड, मी हातानं पेंड चारून वाढवलेलं. तिनं त्याला कुंकू लावलं, पुरणपोळी भरवली, आणि तो मुकाट खात होता. नवरा घेतलास, आता हाही घे, असं मनात आलं.

मी माझी रोजची हाक दिली. बैलानं कान टवकारले. त्या माणसाच्या हातातला कासरा हिसकून तो माझ्याकडे आला आणि माझ्या पदरात तोंड घातलं. फौजदारानं झूल उचलली. खाली माझ्या नवऱ्यानं ओळखीसाठी तापल्या सळईनं दिलेला डाग होता.

त्याला बेड्या पडल्या तशी ती माझ्या पायांशी आली.

"आक्का, ह्यास्नी फाशी नगं. जल्मठेप झाली तरी चालंल. मी वाट बघीन."

वाट बघीन म्हणे. मी बैलाच्या कपाळावरचं तिचं कुंकू तेवढं पदरानं पुसलं.

जन्मठेपच झाली. पुढच्या पोळ्याला माझ्या दारात माझ्याच बैलाला ओवाळायला शेजारची सवाष्ण बोलवावी लागली. मी आत चुलीपाशी बसले. पलीकडे ती आपल्या अंगणात, कपाळभर कुंकू लावून, स्वतःच्या बैलांना ओवाळत होती.