काकांची फसलेली फुंकर

आमच्या गावच्या जादूगार काकांची नक्कल मी शाळेपासून करतोय. पोट पुढे काढायचं, रिकाम्या डब्यावर जोरात फुंकर मारायची आणि तोंड पाडून म्हणायचं, "फसलं की हो." लोक हसून लोळतात. काकांची पहिली फुंकर दर खेळात फसते. मला वाटायचं, वय झालं.

परवा शाळेच्या गॅदरिंगला मी स्टेजच्या कडेला माईक सांभाळत बसलो होतो. काकांनी पहिलीतल्या एका मुलीला वर बोलावलं.

"मार बाळा फुंकर."

ती फ्रॉकचं टोक चावत म्हणाली, "नको. नाही जमलं तर सगळे हसतील."

"मग आधी मला हसू देत."

काकांनी गाल फुगवून फुंकर मारली. डबा रिकामाच. सगळे हसले, तीही हसली. मला मात्र कडेनं दिसलं, फुलं डब्याच्या चोरकप्प्यात तयार होती आणि कप्प्याच्या खटक्यावरचा अंगठा काकांनी मुद्दाम उचलून धरला होता. इतकी वर्षं मी पोट उचललं, आवाज उचलला, हा अंगठा तेवढा राहून गेला. इतकं छान हरायला किती सराव लागत असेल?

मग तिनं फुंकर मारली आणि फुलं उसळून वर आली.

"बघा," काका म्हणाले, "मला मेलं जन्मात जमलं नाही."

घरी जाताना ती दिसेल त्यावर फुंकर मारत निघाली. आईच्या पर्सवर मारली, स्कूटरवर मारली. काहीच होईना, तशी हिरमुसली. शेवटी गेटपाशी उभ्या असलेल्या माझ्यावर मारली.

मी लगेच कोंबडा होऊन आरवलो.