फ्लेक्सखालची पाटी

भास्कर साक्षीदाराच्या पिंजऱ्यात चढला आणि मला बघून हसला. संध्याकाळी चहाच्या टपरीवर मला येताना बघून हसायचा, तसाच. मी कागदांत मान घातली. आरोपीचा वकील मी होतो आणि त्याची उलटतपासणी मलाच घ्यायची होती. हे त्याला तोवर ठाऊक नव्हतं. मला होतं.

मी ज्या गावात वकिली करतो त्याचं नाव इथं लिहीत नाही. अकोल्यापासून लांब नाही, एवढं पुरे. भास्करला अजून नोकरी करायची आहे. तो पोलीस हवालदार, नेमणूक वाहतुकीला. शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो.

आरोपी म्हणजे सुनंदाबाई. बार्शीटाकळीकडच्या. घरची फुलं आणि भाजीपाला, एक छोटी मालवाहू गाडी, आणि ती चालवणाऱ्या त्या एकट्याच. नवरा शेत बघायचा, स्टेअरिंगला हात लावायचा नाही. सकाळी आमच्या गावच्या बाजारात माल उतरवायचा आणि वापस, असा त्यांचा रोजचा क्रम. एक दिवस मोबाइलवर चलान आलं. मालवाहू गाड्यांना बंदी असलेल्या बाजाराच्या रस्त्यावरून बंदीच्या वेळेत गाडी नेली म्हणून. त्याच दिवशी दुसरं आलं, मग आणखी, सगळी मागच्या तारखांची. शेवटी आरटीओची नोटीस आली: तुम्ही वारंवार तोच गुन्हा करता, तर तुमचं लायसन निलंबित का करू नये?

ती नोटीस घेऊन त्या माझ्या ऑफिसात आल्या. म्हणाल्या, "दंडाचं जाऊ द्या. लायसन गेलं त गाडी कोन चालवीन? फुलं काई कोनासाठी थांबत नाही."

"पाटी होती का तिथं?" मी विचारलं.

"असती त दिसली असती ना. मी का आंधळी हाये?"

इथं थोडं समजावून सांगतो. चलान चुकीचं वाटलं तर आधी ऑनलाइन तक्रार करायची. आम्ही केली. एका ओळीत फेटाळली गेली. नंतर दोन वाटा उरतात. लोकअदालतीत तडजोड केली तर दंड कमी होतो आणि प्रकरण त्याच दिवशी मिटतं. बहुतेक लोक तेच करतात, मीही बहुतेकांना तेच सांगतो. पण तडजोड म्हणजे गुन्हा कबूल. एकदा कबूल केलं की आरटीओला काय उत्तर देणार? म्हणून दुसरी वाट, कोर्टात लढायचं.

लढायला मुद्दा लागतो. कुठलाही रस्ता एखाद्या प्रकारच्या गाड्यांना बंद करायचा तर दोन गोष्टी हव्यात. एक म्हणजे अधिसूचना, अधिकाऱ्यांनी जाहीर केलेला लेखी आदेश. दुसरी, रस्त्याच्या तोंडाशी पाटी, येणाऱ्याला दिसेल अशी. अधिसूचना मी मागवून बघितली. ती नुकतीच निघालेली होती आणि व्यवस्थित होती. पाटी बघायला स्वतः गेलो. खांबावर पाटी होती, स्वच्छ, लांबून वाचता येईल अशी. सुनंदाबाईंवरचा माझा विश्वास तिथंच हलला. अशील वकिलाशी खोटं बोलतं, यात नवल काही नसतं. त्यांना लोकअदालतीचं सांगावं, असं मी ठरवून टाकलं होतं.

आता टपरीबद्दल सांगितलं पाहिजे.

माझी बायको अमरावतीला कॉलेजात शिकवते. मुलीचे क्लासेस राजापेठेत, म्हणून दोघी तिथंच खोली करून राहतात. मी इकडे. अमरावती काही परदेशात नाही, पण रोज जाता येत नाही. संध्याकाळी ऑफिस बंद केलं की घरी जाऊन खिचडी लावायची, टीव्ही लावायचा, बघायचा नाही. वकील दिवसभर बोलतो असं लोकांना वाटतं. मला महिनोन्महिने ठराविक वाक्यांपलीकडे काही बोलायला लागत नसे. भास्कर ड्यूटी संपवून कोर्टाजवळच्या टपरीवर येई, आणि तेवढा वेळ मी माणसांत असे. तो बोलायचा, मी ऐकायचो. मला "अबे वकील" म्हणणारा गावात तो एकटाच उरला होता.

त्या संध्याकाळी तो वैतागलेला होता. बूट काढून पाय बाकावर घेतले आणि म्हणाला, उन्हात उभं राहायचं दुःख नाही, कशासाठी उभं राहतो त्याचं आहे. मी विचारलं, काय झालं. तो सांगत गेला. एका रस्त्याच्या पाटीवर कुण्या भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स कुणीतरी बांधून ठेवला होता. वाढदिवस होऊन गेला, फ्लेक्स तिथंच. हा वर सांगायला गेला तर वरून उत्तर आलं, नगरपरिषदेचं काम आहे. नगरपरिषदेत गेला तर तिथं म्हणाले, पोलिसांचं.

"कोणता रस्ता?" मी विचारलं. ठाऊक असून विचारलं.

"बाजाराचा बे, दुसरा कोनता. आन आमाले उभं करते आत, वळणापलीकडं. तोंडाशी उभं रायलं त गाडीवाले वापस फिरते. मंग फोटो कायचा काढन? अडवाचं नाही, पकडाचं. मले त शरम येऊन रायली."

"आता तर पाटी दिसते."

"वाऱ्यानं फाटला ना फ्लेक्स. माणसानं काई काढला नाही."

सुनंदाबाई खरं बोलत होत्या. मी सांगून टाकायची ती वेळ होती. 'भास्कर, त्या रस्त्याची एक केस माझ्याकडे आहे,' एवढंच म्हणायचं होतं. तो कुणाकुणाची चलानं फाडतो ते त्याला थोडंच आठवणार होतं. ग्लास माझ्या हातात होता. मी एक घोट घेतला आणि त्याच्या पायाच्या दुखण्याची चौकशी केली.

पुढं त्यालाच साक्षीला बोलावलं गेलं, कारण ती चलानं त्याच्याच मशीनवरून झालेली. तारखेच्या आदल्या संध्याकाळी आम्ही चहा प्यायलो. उद्या कोर्टात साक्ष आहे, तो म्हणाला, तू असशील त भेटू. मी म्हणालो, असेन.

सरकारी वकिलांचे प्रश्न नेहमीचे होते. गाडीचा नंबर हाच का, फोटो तुम्हीच काढले का. मग मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मॅडम म्हणजे आमच्या न्यायाधीश.

मी उठलो. शाळेपासूनच्या ओळखीत भास्करला मी पहिल्यांदाच 'तुम्ही' म्हटलं.

"हवालदार, फोटो काढले तेव्हा तुम्ही कुठं उभे होता?"

"रस्त्यावर." हसू अजून पुरतं गेलं नव्हतं.

"रस्त्याच्या तोंडाशी की आत?"

"आत. वळणाच्या पलीकडे."

"गाडी आत शिरली तेव्हा चालवणाऱ्याला पाटी दिसत होती?"

आता हसू गेलं. तो माझ्याकडे बघत राहिला. त्याला टपरी आठवली असणार. एक 'हो' म्हटलं असतं तर सगळं तिथं संपलं असतं. फ्लेक्सचा फोटो कुणाकडे नव्हता, फ्लेक्सच उरला नव्हता. सुनंदाबाई हरल्या असत्या आणि त्याला कुणी काही विचारलं नसतं. हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

"नाही," तो म्हणाला. "पाटीवर फ्लेक्स होता."

टायपिस्टनं ते टाइप केलं. वकिलानं इथं खाली बसायचं असतं. केस जिंकली होती. पाटी दिसत नव्हती हे सरकारच्याच साक्षीदारानं सांगितलं, याहून जास्त काही लागत नाही. पण कोर्टात शांतता पसरली होती. मागच्या बाकावरची कुजबुजणारी ज्युनिअर पोरं थांबली होती. मॅडमनी पेन हातात धरून वर बघितलं होतं. किती दिवसांनी सगळी खोली माझं ऐकत होती. मी बसलो नाही.

"फ्लेक्स आहे, हे फोटो काढताना तुम्हाला माहीत होतं?"

त्यानं डोकं खाजवलं. लहानपणापासूनची सवय. मग हात खाली घेतला.

"होतं."

"नो फर्दर क्वेश्चन्स," मी म्हणालो आणि बसलो.

तो प्रश्न केसला लागत नव्हता. आणि विचारायचाच होता, तर त्याच्या पुढचाही विचारायला हवा होता: तुम्ही हे वर कळवलं होतं का? त्याचंही उत्तर मला ठाऊक होतं. पण त्या उत्तरानं भास्करची बाजू सावरली असती आणि माझा प्रश्न बोथट झाला असता. विसरलो असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. विसरलो नव्हतो.

सुनंदाबाई निर्दोष सुटल्या. निकालाची प्रत आरटीओत दिली आणि ती नोटीसही मागे घेतली गेली. पण निकालात एक वाक्य होतं. पाटी झाकलेली असल्याचं माहीत असूनही संबंधित कर्मचाऱ्यानं कारवाई केली, असं. त्यावरून भास्करकडे खुलासा मागितला गेला. त्यात त्यानं काय लिहिलं ते मला कळलं नाही. फ्लेक्सचं त्यानं वर तोंडी सांगितलं होतं, लेखी नव्हतं. त्याला इथून काढून बाळापूरला पाठवलं, वाहतुकीलाच. त्याचं घर, शेत, म्हातारी आई, सगळं इकडे.

निकालानंतर सुनंदाबाई शेवंतीच्या दोन जुड्या घेऊन आल्या. "एक तुमाले," त्या म्हणाल्या, "आन एक त्या पोलीस जमादाराले. खरं बोलला तो मानूस. कुठं भेटन?"

मला माहीत नाही, असं मी सांगितलं. दोन्ही जुड्या ऑफिसातल्या टेबलावर राहिल्या आणि तिथंच सुकल्या.

टपरीवर मी काही दिवस जात राहिलो. चहावाल्यानं पहिल्या दिवशी सवयीनं दोन ग्लास भरले. नंतर एकच भरू लागला. मग मी जाणं सोडलं. अमरावतीला गेलो की बायको विचारायची, तुमचे भास्कर जमादार कसे आहेत? बरा आहे, मी म्हणायचो. केस जिंकल्याचं मात्र तिला पहिल्याच दिवशी फोनवर सांगितलं होतं. ती म्हणाली, छान झालं. बाईंचं लायसन वाचलं.

फोन भास्करला मी केला नाही. नंबर आहे. काय बोलायचं ते ठरलं नाही.

या उन्हाळ्यात एका तारखेसाठी बाळापूरच्या कोर्टात गेलो. बाजाराचा दिवस होता. जवळचा म्हणून एका रस्त्यात गाडी घालणार, तोच एक हवालदार पुढं आला आणि हात आडवा धरला. भास्कर होता. वाळला होता. रस्त्याच्या अगदी तोंडाशी, 'बाजाराच्या दिवशी वाहनांना बंदी' या पाटीला टेकून उभा.

मी काच खाली केली. तो वाकला नाही.

"भास्कर," मी म्हणालो.

"वकीलसाहेब," तो म्हणाला, "पाटी दिसून रायली ना तुमाले?"

"दिसते."

"मंग घ्या वापस."

चलानाचं मशीन त्याच्या खांद्याला लटकत होतं. त्यानं हात लावला नाही. मी रिव्हर्स टाकला. मागून एक रिक्षावाला येत होता, त्याला भास्कर म्हणाला, "तू बी चाल बे, फिरव." त्याला 'तू' म्हणाला, 'बे' म्हणाला. मला 'तुमी'.

आम्हाला शिकवतात, उलटतपासणीत ज्याचं उत्तर आधी ठाऊक नाही असा प्रश्न विचारू नये. मी तो नियम कधी मोडला नाही. उत्तर कुठं बसून ऐकलं होतं, याबद्दल नियम नाही. गाडी लांबच्या रस्त्यानं नेली आणि तारखेला उशीर झाला.