तोंड आईचं, आवाज माझा

माझा मित्र मेल्विन गेल्याचा फोन आला तेव्हा मी कॉलेजमध्ये झेरॉक्सच्या रांगेत होते. फोन त्याच्या बहिणीचा, ग्लोरियाचा. कावीळ त्याने अंगावर काढली होती. आम्ही चार महिने बोललो नव्हतो... त्यात चूक माझी होती, आणि ती लिहायला मला पाच आठवडे लागले.

ठाण्यात कोपरीतल्या घराच्या माळ्यावर बसून तो मोठ्यांसाठीचं कार्टून बनवायचा. शिव्या भरपूर, म्हणून मोठ्यांसाठी. गोष्ट अशी, की साथीच्या दिवसांत खुद्द विषाणूच एका सोसायटीत भाड्याने फ्लॅट बघायला येतो. कमिटी त्याला आडनाव विचारते, मांसाहार करता का विचारते. तो म्हणतो, परदेशातून विमानाने आलोय. लगेच चहा येतो. आडनावाचा प्रश्न मेल्विनने स्वतः सोसलेला होता. "ख्रिश्चन असून मराठी छान बोलतोस रे," असं कुणी म्हटलं की तो हसून सांगायचा, "पोर्तुगीज आले तेव्हा दार आम्हीच उघडलेलं, काका. तुम्ही नंतर आलात."

त्यात एक सफाईवाली होती. ती माझी आई. माहेर खडवलीचं, काम नौपाड्यातल्या एका सोसायटीत. साथीत तिला लिफ्ट बंद केली होती; बादली घेऊन सात मजले चढायची. हे मीच मेल्विनला सांगितलं होतं. मग त्याने आईला गाठून तिचं बोलणं मोबाइलवर घेतलं. बाकी सगळ्या पात्रांना त्याने मास्क घातले, म्हणजे ओठ हलवायची कटकट नाही. फक्त आईचा मास्क हनुवटीवर घसरलेला ठेवला आणि तिच्या एकेका शब्दाप्रमाणे ओठ काढले. दीड महिना लागला त्याला. रेकॉर्डिंगमध्ये मागे पाण्याच्या पंपाची घरघर होती, म्हणून तिचं वाक्य मी म्हणायचं ठरलं: "यो इमानानं आला न् लिफ्टनं वर गेला. न् मना जिना?"

माइकसमोर मी म्हटलं, "हा विमानाने आला आणि लिफ्टने वर गेला. आणि मला जिना?"

"अगं, आई अशी बोलते?"

"कॉलेजमध्ये दाखवणार ना? हसतील रे सगळे."

"हसायलाच बनवलंय."

"कमिटीला नाही हसणार. माझ्या आईला हसतील."

"माझी आई पण 'मना'च म्हणते."

"मग तिलाच घे ना कार्टूनमध्ये!"

माझं वाक्य त्याने तसंच ठेवलं.

कॉलेजात टाळ्या पडल्या. नंतर एक सर म्हणाले, सफाईवालीचे ओठ आणि आवाज जुळत नाहीत, काम कच्चं आहे. मेल्विनने एकदा माझ्याकडे पाहिलं. "हो सर, माझंच चुकलं," म्हणाला. मी तिसऱ्या रांगेत बसून राहिले... त्यानंतर मी त्याला फोन केला नाही. त्यानेही केला नाही.

चर्चमध्ये त्याच्यासाठी झालेल्या महिन्याच्या मिस्सेनंतर ग्लोरियाने मला कार्टूनचा पेनड्राइव्ह दिला. त्याचा कॉम्प्युटर बंद पडलाय, मोबाइल कुणी तरी पुसून टाकलाय. आईचं मूळ बोलणं आता कुठेच नाही. घरी आई पदराला हात पुसत पडद्यासमोर बसली. विषाणूला चहा मिळाला तेव्हा पोट धरून हसली. "मेल्याला बिस्कुट पन दिला!" मग सफाईवाली आली, माइकमुळे मलाही परक्या वाटणाऱ्या माझ्या आवाजात बोलली. आई जरा पुढे सरकली. "ही बाई तं शिकल्याली दिसते. झारू कशाला मारते?"



कार्टून संपलं तरी ती पडद्याकडेच बघत होती. "मना घेतलाच नाय पोरानं? एवरा बोलून घेतला माज्याकरना..." मग स्वतःच म्हणाली, "जाऊंदे. गेला बिचारा."

तेव्हाही मी तिला काही सांगितलं नाही. म्हणून हे लिहिते आहे. पण आईला वाचता येत नाही. हे छापून आलं तरी तिला वाचून दाखवायचं की नाही, आणि कुठल्या शब्दांत, ते पुन्हा माझ्याच हातात आहे.